पिकअप नको, ओढ पायजे

माझी बायको माघात गेली आणि चैतात टँकर चढावर बंद पडला. दोन्हीचा एकमेकाशी काही संबंध नाही. पण पोरानं तो जोडला.

पोरगा पुण्यात असतो, कंप्युटरवर काम करतो. रोज संध्याकाळी फोन करतो. आई होती तेव्हा तिला करायचा, आता मला करतो. आम्हा दोघांना एकमेकांशी फोनवर बोलता येत नाही, म्हणून आम्ही जेवण आणि हवा यावर बोलतो. त्या दिवशी मी त्याला टँकर चढावर बंद पडल्याचं सांगितलं. सांगायला नको होतं. पण जेवण आणि हवा दोन्ही संपलं होतं.

"आबा, आता बास झालं," तो म्हणला. "गाडी विकून टाका आणि इकडं या. तुमच्यासाठी खोली आहे."

ती खोली मी पाहिलेली आहे. तिच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते. त्या खिडकीत एक म्हातारा बसलेला असतो. तो माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं बघतो. त्यालापण कुणीतरी टँकर विकायला लावला असणार.

"इथं बरा हाय मी," मी म्हणलं.

"तिथं एकटं राहून काय करणार आहात?"

"पाणी टाकणार."

बरीच हुज्जत झाली. शेवटी तो म्हणला, "ठीक आहे, करा दुरुस्त. पण भरलेली गाडी त्या चढावर परत बंद पडली, की विकायची. भरलेली गाडी चढावर मागं सरकते म्हणजे काय होतं, कळतं का तुम्हाला?"

"कळतं की. मीच होतो आत."

"मग कबूल?"

कबूल म्हणलं. पोराशी भांडायचं खातं त्याच्या आईकडं होतं, मला त्यातलं काही येत नाही. म्हणजे गाडी चढली तर मी इथं, नाहीतर त्या खिडकीत. एवढाच प्रश्न होता. सरळ होता. चढ मात्र सरळ नव्हता.

ती सालं दुष्काळाची. शहराला पैठणच्या धरणाचं पाणी येतं, पण धरणातच तळ दिसायला लागला होता, आणि डोंगराकडच्या नव्या कॉलन्यांना तर नळच नव्हते. घरं आधी झाली, नळ मागून येणार होते. तसा बोर्ड लावलेला होता. बोर्डाचा रंग उडाला तरी नळ आले नाहीत. मी करमाडच्या अलीकडं एका विहिरीवर टँकर भरायचो. त्या विहिरीला उन्हाळ्यातसुद्धा पाणी कसं काय राहतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही कुणी विचारायचोही नाही. विहिरीनं ऐकलं असतं तर बंद झाली असती. तिथून जालना रोडनं झाल्टा फाट्याला यायचं, बायपासला लागायचं आणि मग डोंगराकडं वळायचं.

मी गाडी घेतली तेव्हा शहर डोंगराच्या पायथ्याला होतं. त्या वेळी गाडीवर सिमेंट वाहिलं, सळया वाहिल्या. जी घरं बांधायला सळया नेल्या त्याच घरांना पुढं पाणी नेलं. गाडी तीच, पाठीवर टाकी बसवली. मग दरसाल एक गल्ली वर सरकायला लागली. त्या चैतात सगळ्यात वरच्या गल्लीनं पहिल्यांदाच पाणी मागवलं. तिचा रस्ता असा आहे, की रिकाम्या हातानं चालणारा माणूसही मधे थांबून कमरेवर हात ठेवतो आणि खाली बघून शहर किती वाढलं यावर बोलतो. त्याला शहराचं काही पडलेलं नसतं. दम खायचा असतो.

त्या रस्त्यावर गाडी अर्ध्यात जाऊन कण्हली आणि बंद पडली. ब्रेक दाबून धरला तरी इंच इंच मागं यायला लागली. मागच्या चाकाला दगड लावायला मीच, आणि ब्रेकवर पाय ठेवायला पण मीच. मग एकच इलाज होता. हलकी करायची. मी हात बाहेर काढून ओरडलो, "व्हाल्व खोला कुणीतरी!" एका पोरानं खोलला. पाणी धो धो रस्त्यावर. बायांनी हाताला लागेल ते भांडं लावलं, घागरी, बादल्या, एकीनं तर गॅसवरची कढईच आणली. उरलेलं सगळं उताराला लागलं आणि खालच्या गल्लीत ज्यांनी पाणी मागवलंच नव्हतं त्यांच्या अंगणात गेलं.

वरच्या गल्लीत एक बाई आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या. पाण्याचा हिशोब त्यांच्याकडं असतो आणि आवाजही त्यांच्याकडंच असतो. त्या वरून म्हणल्या, "काका, आम्ही पाणी मागवलं होतं. रस्ता धुवायला नव्हतं सांगितलं."

मी रस्त्याकडं बघितलं. रस्ता खरंच स्वच्छ झाला होता.

अर्धा टँकर भरून न्यावा, असं कुणालाही सुचेल. मलाही सुचलं. पण विहिरीवर दिवसातून एकदाच नंबर लागायचा. अर्धा नेला तर अर्धी गल्ली कोरडी राहते, आणि कोणती अर्धी ते मी ठरवायचं. तसल्या कामाला मी तयार नव्हतो.

गाडी मिस्त्रीकडं नेली. मिस्त्रीचं गॅरेज मोंढा नाक्याकडं. माणूस माझ्याच वयाचा, जन्म इथलाच, बोलणं दखनी. तो त्याच्या भाषेत बोलतो, मी माझ्या. भांडण झालं तर मात्र दोघंही त्याच्या भाषेत भांडतो, तिच्यात शिव्या चांगल्या आहेत. तो मला पाटील म्हणतो. मी पाटील नाही. तो सगळ्याच ट्रकवाल्यांना पाटील म्हणतो.

त्यानं इंजिन खोललं आणि मला बोलावून एक शाफ्ट दाखवला. इंजिनच्या पोटात हा कॅम शाफ्ट फिरत असतो. त्याच्यावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात. मिस्त्री त्यांना नाक म्हणतो. शाफ्ट फिरला की एक नाक वर येतं आणि हवा आत यायचं दार उघडतं, दुसरं वर येतं आणि धूर बाहेर जायचं दार उघडतं. इंजिनचं सगळं श्वास घेणं-सोडणं त्या नाकांवर.

"देखो पाटील, नाकां घिस गयी," मिस्त्री म्हणला. "दरवाजा पूरा खुलताच नहीं. सांस कैसे लेंगी?"

"मग कंपनीचा नवा टाक."

"डालता. मगर सुनो. नया डाला तो गाडी पहले जैसी होंगी. पहले किधर तक जाती थी?"

"मधल्या गल्लीपर्यंत."

"और अब किधर जाना?"

"पार वर."

"तो गाडी का क्या कसूर? गाडी वहीच है. शहर उप्पर चढ़ गया."

हे मला पटलं. म्हणजे नवा शाफ्ट टाकून गाडी तरुण झाली असती, पण तरुण असतानाही तिनं तो चढ चढलेला नव्हता. तिला जन्मात नव्हता एवढा जोर आता म्हातारपणी पाहिजे होता. मला तिची दया आली. मग माझी पण आली, पण ती मी तिथंच थांबवली.

आता भाच्याचं सांगतो. हा माझ्या बायकोच्या भावाचा पोरगा. मला मामा म्हणतो. वाळूजला एका कारखान्यात ग्राइंडिंगच्या मशीनवर आहे, शाफ्ट घासायचंच काम. सुट्टीच्या दिवशी एक जुनी जीप घेऊन डोंगरात जातो आणि जिथं बकरीसुद्धा विचार करून जाते तिथं ती चढवतो. त्याच्यासारखे आणखी आहेत. ते एकमेकांचे व्हिडिओ काढतात. बायको म्हणायची, याचा पगार याला नाही, जीपला होतो. पण हा तिचा लाडका. घरी आला की याला दुधाचा चहा आणि मला रोजचा.

भाचा गॅरेजवर आला, शाफ्ट हातात घेऊन फिरवला आणि म्हणला, "मामा, कंपनीचा शाफ्ट म्हणजे दुकानातला तयार सदरा. सगळ्यांना होतो, कुणालाच बसत नाय. आपण मापाचा शिवू."

"शाफ्ट शिवतात व्हय रे?"

"घासतात हो. भंगारातनं एक धडका शाफ्ट आणा. त्याचं गोल पोट घासलं की नाक आपोआप वर येतं. नाक रुंद ठेवलं की दार जास्त वेळ उघडं राहतं. मालकाला विचारून सुट्टीच्या दिवशी मशीनवर टाकतो. माझ्या जीपला तसाच हाय." मग त्यानं सरळ विचारलं, "तुम्हाला पायजे काय नेमकं? पिकअपच ना?"

"व्हय," मी म्हणलं. "पिकअपच."

या एका शब्दानं घात केला. आमच्याकडं गाडीबद्दल दोनच प्रश्न विचारतात, ॲव्हरेज किती आणि पिकअप कसा. मोटरसायकलला विचारतात, रिक्षाला विचारतात. सोयरिकीच्या बैठकीत "पोरगा चांगला हाय पण पिकअप कमी वाटतो" असं म्हणलेलं मी या कानांनी ऐकलंय. सगळे मान हलवतात. त्याचा अर्थ काय ते कुणी कुणाला विचारत नाही.

मिस्त्रीला हे पसंत नव्हतं. "जीप का दिमाग ट्रक में नक्को डालो," तो म्हणला.

"चाचा, तुमचा जमाना गेला," भाचा म्हणला.

"जमाना गया तो गया. औजारां तो मेरेच हैं ना? हात धो के मांगने का."

पण भाच्यानं काम नीट केलं, हे सांगितलं पाहिजे. डिझेलच्या इंजिनात ते दार आणि पिस्टन यांच्यात जागा थोडीच असते. नाक जास्त उंच झालं तर दार पिस्टनवर आपटतं आणि इंजिनाचं भरीत होतं. म्हणून त्यानं लहान पोरांची खेळायची रंगीत माती आणली, पिस्टनच्या डोक्यावर चिकटवली, इंजिन हातानं फिरवलं आणि परत खोलून माती किती दबली ते मापलं. माती हिरव्या रंगाची होती. मिस्त्री ती बघत राहिला. शेवटी म्हणला, "इतनी उमर गयी, इंजिन में खिलौना पहली बार देखा." म्हणजे त्याला आवडलं होतं.

शाफ्ट बसला. गाडी सुरू केली तर एका दमात होईना. झाली तेव्हा पांढरा धूर सोडला, आणि उभ्या जागी हीव भरल्यासारखी थरथरायला लागली. मिस्त्रीनं बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणला, "बुखार है." आरसा एवढा हलायचा की त्यात माझी दोन तोंडं दिसायची. मला एकाचाच कंटाळा आला होता.

"उभी राहिल्यावर बघू नका मामा, पळाल्यावर बघा," भाचा म्हणला.

रिकामी गाडी घेऊन बायपासला गेलो. भाचा शेजारी बसला. दुसरा टाकला, तिसरा टाकला, इंजिन गरम होऊन जोरात फिरायला लागलं आणि मग ते जनावर उधळलं. एवढ्या वर्षांत या गाडीनं बैलगाडी आणि रोडरोलर सोडून कुणाला ओव्हरटेक केलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी तिनं एसटी मागं टाकली. एसटीचा ड्रायव्हर वाकून बघायला लागला. मी हसलो. माघापासून पहिल्यांदाच असेल. "लई भारी पिकअप!" असं मोठ्यानं ओरडलो आणि डावीकडं बघून म्हणलं, "बघितलं का?"

डावीकडं भाचा होता.

"बघितलं मामा," तो म्हणला, आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला. मी पण रस्त्याकडं बघितलं. गाडी मात्र पळत होती.

दुसऱ्या दिवशी भरून नेली. चढाला लागलो. पहिला गिअर. भरल्या गाडीला चढावर पळायला जागाच नसते, इंजिन जोरात फिरायला लागायच्या आधीच त्याचा दम गेला. मागच्या वेळी अर्ध्यात गेली होती, या वेळी तिथंवरपण गेली नाही. थरथर करत एकदा फुस्स केलं आणि मेली. परत व्हाल्व खोला, परत घागरी, परत खालच्या गल्लीची अंगणं ओली. रिटायर बाई या वेळी खाली चालत आल्या. "काका," त्या म्हणल्या, "खालच्या गल्लीवाले तुमचा सत्कार करणार आहेत म्हणे."

संध्याकाळी पोराचा फोन आला.

"चढली का?"

"नाय."

"मग?"

"शाफ्ट चुकीचा होता. गाडीची त्यात चूक नाय."

"आबा, ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं."

"रविवारी मी येतो. एक गिऱ्हाईक बघितलंय, त्याच्याशी बोलून घेऊ. तुम्ही कपडे वगैरे काय लागतं ते काढून ठेवा."

मग त्यानं जेवलात का विचारलं. जेवलो म्हणलं. इकडं हवा कशी ते त्यानं विचारलं नाही. रविवारपर्यंतच इथली हवा खायची होती, विचारून काय उपयोग.

सकाळी गॅरेजवर जाऊन भाच्याला बोलावून घेतलं. ड्युटीवर जाता जाता आला. मी सरळ सुरू केलं.

"कुठाय तुझा पिकअप?"

"मामा, बायपासवर तुम्हीच ओरडला ना, लई भारी पिकअप म्हणून?"

"रिकामी होती तेव्हा!"

"पिकअप म्हणजे पळ. तुम्ही पळ मागितला, मी पळ दिला."

"मला पळून जायचं कुठं हाय? मला जाग्यावरनं हलायचंय. भरल्या अंगानं."

"मग त्याला पिकअप म्हणत नाय मामा."

"मग काय म्हणतात?"

भाच्यानं इंग्रजी शब्द सांगितला, टॉर्क. हा शब्द मी कधी ऐकला नव्हता असं नाही. ऐकला होता. पण चौथी शिकलेल्या माणसाच्या तोंडात तो बसत नाही. मिस्त्री चहा पीत कुस्ती बघावी तसा आमच्याकडं बघत होता.

मी म्हणलं, "तुझा आजा बैल घ्यायचा तेव्हा काय बघायचा, ठाऊक हाय का?"

"दात."

"दात समदेच बघतात. तुझी आत्या सांगायची मला. बाजारात शंकरपटाचे बैल पळवून दाखवायचे, तिथं ही गर्दी. तुझा आजा तिकडं फिरकायचा नाय. तो काय करायचा, छकड्यात धोंडे भरायचा, दोन्ही चाकं दोरानं बांधायचा आणि मग बैल जुंपायचा. चाक फिरणारच नाय. बैल काय करतो ते बघायचं. पळीचा बैल दोन हिसके देतो आणि मागं वळून बघतो. ओढीचा बैल मान खाली घालतो आणि बांधलेल्या चाकांसकट छकडा फरफटत नेतो. तो घ्यायचा."

भाच्यानं बाकावरचं एक फडकं उचललं आणि हात पुसायला लागला.

"मला ओढ पायजे," मी म्हणलं.

"मग असं सांगायचं ना मामा."

"हौ," मिस्त्री म्हणला. "ओढ बोलना था ना पहले से. ओढ तो मेरेकू भी समझती. अपने इधर बारिश भी ओढच देती."

त्यावर आम्ही तिघंही हसलो. आमच्याकडं पाऊस यायचा थांबला की पावसानं ओढ दिली म्हणतात. त्या सालात हे वाक्य रोज पेपरात होतं आणि त्यावर कुणी हसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

भाच्यानं विचारलं, "आत्या माणसांना पण तसंच म्हणायची का? ओढीचा, पळीचा?"

"म्हणायची. मला म्हणायची, माणूस दिसायला काय नाय, पण ओढीचा हाय."

हे कौतुक होतं असं मी धरून चाललोय. विचारायचं राहून गेलं.

"आणि मला?"

"तू पळीचा."

तो हसला आणि हातातल्या फडक्यानं तोंड पुसलं. फडकं ऑइलचं होतं. डोळ्यांपासून गालापर्यंत काळा पट्टा उमटला. मिस्त्रीनं त्याला साबण दिला आणि काही बोलला नाही. औजारांबद्दलसुद्धा.

मग भाच्यानं घोटाळा काय झाला ते समजावून सांगितलं. दार जास्त वेळ उघडं ठेवलं, की इंजिन जोरात असताना हवा भसाभसा आत येते, आणखी यायला वेळ मिळतो, म्हणून पळ येतो. पण इंजिन हळू असलं की आत आलेली हवा त्याच उघड्या दारानं परत बाहेर जाते. दाबायला आत काही उरतच नाही. मिस्त्री म्हणला, "शादी का मंडप समझो. भीड़ है तो गेट खुल्ला रखो. दो-चार आदमी आ रहे तो आते के साथ गेट बंद करो, नहीं तो खाना खाये बिगर भाग जाते." भाचा म्हणला, बरोबर, आता दार लवकर बंद करू. नाक अरुंद करतो. उंची आहे तेवढीच.

"पण मग पळ?" त्यानं विचारलं. "बायपासवर कुत्रीसुद्धा पुढं जातील, सांगून ठेवतो."

"जाऊ दे त्यांना. त्यांना काम असंल."

दुसरा शाफ्ट भंगारातून मीच शोधून आणला. भाच्यानं ड्युटी सुटल्यावर थांबून तो घासला. परत हिरवी माती, परत मापं. शनिवारी बसवला. चावी फिरवली तर गाडी एका हाकेला सुरू झाली. उभ्या जागी आरशात माझं एकच तोंड दिसलं. ते चालवून घेतलं. गॅरेजच्या बाहेर एक चक्कर मारून आलो.

"कसा वाटला पिकअप?" भाच्यानं विचारलं.

"नायच."

"शाब्बास," तो म्हणला.

रविवारी सकाळच्या गाडीनं पोरगा आला. घरात आला, आईच्या फोटोपुढं उभा राहिला, मग माझी पिशवी कुठाय ते बघायला लागला. पिशवी भरलेली नव्हती. मी म्हणलं, "गिऱ्हाईक कधी येणार?"

"चारला."

"मग तोवर एक खेप टाकून येऊ. वरच्या गल्लीत पाणी नाय."

"आबा, तिथंच बंद पडते ना ती?"

"पडली तर गिऱ्हाईकाला खरं सांगता येईल."

आईकडून घेतलेला स्वभाव आहे, खऱ्यापुढं हुज्जत घालत नाही. मोज्या-बुटासकट कॅबिनमध्ये चढून बसला. करमाडला भरलं, फाट्याला आलो, बायपासला लागलो. सगळ्या गाड्या आमच्या पुढं गेल्या. एक सायकलवालाही बराच वेळ बरोबरीनं होता. पोरानं दोनदा विचारलं, काही बिघाड आहे का. मी म्हणलं, अशीच असते.

चढाच्या तोंडाशी थांबलो. पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीनं मान खाली घातली. हे मी उगाच म्हणत नाही, पुढचा भाग खरंच खाली दबल्यासारखा वाटला. इंजिन ओरडलं नाही, घाई केली नाही. एकेक ठोका मोजता येईल असं चाललं. पहिल्यांदा जिथं बंद पडली होती, तिथं रस्त्यावर अजून चिखलाचा डाग होता. त्याच्यावरून गेली. पुढं वळण आहे, तिथं चढ सगळ्यात जास्त. इंजिनाचा आवाज खोल गेला, खोल गेला, आता संपतो असं वाटलं. मी ॲक्सिलरेटर जास्त दाबला नाही. तिला घाई आवडत नाही हे आता मला ठाऊक होतं. शेजारी बघितलं तर पोरानं दोन्ही हात समोरच्या पत्र्यावर ठेवले होते आणि दात-ओठ खाऊन तो ढकलत होता. आतून गाडी ढकलून काही होत नसतं. इंजिनिअर आहे तो, त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

डोक्यावर घागर घेतलेली एक बाई आम्हाला मागं टाकून वर गेली. जाताना आमच्याकडं बघून हसली.

मग गाडीचं तोंड खाली आलं आणि रस्ता सपाट झाला. वरची गल्ली. मी गाडी उभी केली. पोरानं हात पत्र्यावरून काढले आणि त्याकडं बघितलं. तळवे लाल झाले होते.

रिटायर बाई बाहेर आल्या. टाकीला कान लावला, बोटानं वाजवून बघितलं. "भरलेली आहे!" त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. मग मला म्हणल्या, "खालच्या गल्लीवाल्यांना कोण सांगणार आता?"

पाइप धरायला माणूस कमी होता. पोरानं धरला. त्याचे बूट भिजले, मोजे भिजले, प्यांट गुडघ्यापर्यंत भिजली. एका म्हातारीनं त्याला विचारलं, "नवा क्लीनर का?" तो व्हय म्हणला. हे त्यानं पुण्याच्या भाषेत म्हणलं असतं तर मला राग आला असता.

खाली येताना त्यानं बूट काढून मोजे पिळले. बायपासला लागल्यावर त्यानं गिऱ्हाईकाला फोन लावला आणि म्हणला, "काका, येऊ नका, गाडी चढली." गिऱ्हाईकाला याचा काय अर्थ लागला असेल कुणास ठाऊक.

मग मला म्हणला, "पाऊस पडेपर्यंत."

"बरं."

"पाऊस पडला की तुम्ही पुण्याला यायचं."

"पडू तर दे," मी म्हणलं.

संध्याकाळच्या गाडीला त्याला बसवून घरी आलो. कुलूप काढलं. दिवसभर बंद असलेल्या घराला एक वास येतो, तो आला. खिडकी उघडली, भिजलेले मोजे तो विसरून गेला होता ते दोरीवर टाकले. मग भात लावला. भाताला किती शिट्ट्या लागतात ते मला अजून नक्की सांगता येत नाही. ती कधी मोजायची नाही, नुसती येऊन गॅस बंद करायची. मी वाट बघत बसलो. बहुतेक एक जास्त झाली. भात खाली लागला. वरचा खाल्ला, खालचा भिजत घातला, आणि सकाळी विहिरीवर माझा पहिला नंबर होता म्हणून लवकर झोपलो.